वाचकांचे प्रश्न: रस्त्यालगत शेतमालाचा स्टॉल लावताना

घरच्या शेतातला माल रस्त्याकडेला स्वतःच विकू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बऱ्याच जणांनी स्टॉल सजवावा कसा, हे आधी विचारलं आहे. आमचं मत असं, की सजावटीवरचा खर्च सगळ्यात शेवटी करावा. गाडी चालवणाऱ्याला थांबणं सोपं आणि सुरक्षित वाटलं पाहिजे, आणि थांबल्यावर समोर ताजा माल दिसला पाहिजे. उत्तरांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

प्रश्न: आमच्या शेताची सुमारे २०० मीटर बाजू रस्त्याला लागून आहे. एका टोकाला वळणावर मोठं झाड आहे, सावली चांगली पडते. स्टॉल तिथेच लावावा असं घरच्यांना वाटतं. मधला सरळ भाग मात्र उघडा, उन्हाचा आहे. कोणती जागा धरावी?

सरळ भाग. सावली मांडव घालून करता येते. लांबून दिसणं मात्र जागेलाच असावं लागतं.

ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. चालकाचं लक्ष जाऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरा, म्हणजे ४० मीटरच्या वर अंतर गेलं. बेतशीर ब्रेक लावून गाडी उभी राहायला आणखी साधारण तेवढंच लागतं. एकूण ८५ मीटर. वेग ८० असेल तर हाच आकडा १३० मीटरवर जातो. यात ‘थांबावं का’ हा विचार धरलेलाच नाही, म्हणून स्टॉल किंवा त्याची पाटी याच्या दुप्पट अंतरावरून दिसायला हवी. वळणावर ते शक्य नसतं. तिथे दोनच गोष्टी होतात: गाड्या पुढे निघून जातात, किंवा कोणी अचानक ब्रेक लावतो आणि मागची गाडी त्याच्यावर येते. चढाचा माथा संपल्या संपल्या येणारी जागा आणि चौकाच्या तोंडाशी असलेली जागा याच कारणाने टाळावी.

येणाऱ्याचा विचार सगळे करतात, बाहेर पडणाऱ्याचा राहून जातो. स्टॉलवरून गाडी रस्त्यावर घेताना दोन्ही बाजूंचा रस्ता लांबवर दिसला पाहिजे: वाहतूक ६० च्या वेगाची असेल तर सुमारे १२५ मीटर, ८० ची असेल तर १६५ ते १७०. हे मोजायला यंत्र लागत नाही. बाहेर पडायच्या जागी जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर डोळे येतील असं बसा. गाडीत बसलेल्या माणसाची नजर साधारण तेवढ्याच उंचीवर असते. तिथून कुंपणाची झुडपं, उंच पीक किंवा तुमचीच पाटी आड येत असेल तर ती हलवा. आज उघडी दिसणारी बाजू मका उंच वाढल्यावर बंद होते, हेही लक्षात ठेवा.

आता गाड्या उभ्या करायची जागा. तासाला १२ गाड्या येतात आणि प्रत्येक जण ७ मिनिटं थांबतो असं धरलं, तर १२ गुणिले ७ भागिले ६०, म्हणजे एका वेळी सरासरी दीड गाडीही उभी नसते. पण गाड्या सरासरीने येत नाहीत, झुंडीने येतात, म्हणून दुप्पट करून तीन जागा ठेवा. एका गाडीला अडीच मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा लागते, तिच्या मागे वळायला ६ मीटर. गाडी मागे घेत रस्त्यावर काढावी लागेल अशी रचना कधीही करू नका. जागा लांबट असेल तर आत यायला एक आणि बाहेर पडायला दुसरी अशी दोन तोंडं ठेवा, प्रत्येकी ४ मीटर रुंद. गाड्या वळसा न घेता पुढच्या पुढे निघतात. स्टॉल रस्त्याच्या कडेपासून निदान ८ मीटर आत असावा. गाडीतून उतरलेली मुलं आधी स्टॉलकडे धावतात, म्हणून त्यांची वाट रस्त्याच्या बाजूने जाऊ देऊ नका.

तळाला १५ सेंटिमीटर मुरूम दाबून वर खडीचा पातळ थर द्या आणि पाणी स्टॉलपासून दूर वाहील असा उतार ठेवा, दर मीटरला २ सेंटिमीटर. नुसत्या मातीवर पहिल्या पावसात चाक रुतलं की तो ग्राहक गेला. प्रवेशाखालून रस्त्याची चारी जात असेल तर ती बुजवू नका, पाइप टाका. आणि हे सगळं करण्याआधी रस्त्याची हद्द कुठवर आहे ते मोजून घ्या. कडेची बरीचशी पट्टी आपली वाटली तरी रस्त्याचीच असते, आणि नवीन प्रवेश काढायला रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी लागते.

प्रश्न: मोठी रंगीत पाटी करून घेतली, तीवर सगळ्या मालाची नावं लिहिली, फुलांची वेलबुट्टीही काढली. तरी लोक पुढे जाऊन मग मागे वळून बघतात. चूक कुठे होते?

पाटीवर मजकूर जास्त आहे आणि पाटी उशिरा येते.

चालत्या गाडीतून तीन ते चार शब्द वाचून होतात, त्याहून जास्त नाही. अक्षराच्या उंचीचा सोपा हिशेब असा ठेवा: दर १ सेंटिमीटर उंचीला ३ मीटर अंतर. मात्रा, उकार सोडून फक्त शिरोरेषेपासून खालचं अक्षर मोजा. ६० च्या वेगाला चार सेकंद वाचायला मिळावेत असं वाटत असेल तर ६८ मीटरवरून वाचता आलं पाहिजे, म्हणजे अक्षर २२ ते २३ सेंटिमीटर उंच. रेघेची जाडी उंचीच्या सहाव्या भागाएवढी. वर-खाली मात्रांना जागा सोडून अशा दोन ओळी मांडल्या की पाटी साधारण १ मीटर उंच आणि दीड-पावणेदोन मीटर रुंद होते. वळणदार, नक्षीची अक्षरं लांबून गिचमिड होतात. पांढऱ्या किंवा पिवळ्यावर काळा अथवा गडद हिरवा रंग घ्या. हिरव्यावर लाल अजिबात नको, रंगांधळेपण असलेल्यांना त्यात अक्षर वेगळं दिसतच नाही.

पाट्या दोन लावा. पहिली स्टॉलच्या २०० ते २५० मीटर आधी, दोन्ही दिशांना: ‘ताजी भाजी, २०० मीटर’. दुसरी थेट प्रवेशाच्या तोंडाशी, बाण दाखवणारी. पहिली पाटी तुमच्या हद्दीबाहेर येत असेल तर त्या जमिनीच्या मालकाला विचारूनच रोवा. मालाची नावं लिहायचीच असतील तर खाली अडकवता येणारी एक वेगळी फळी ठेवा आणि तीवर त्या दिवशीच्या एकाच मालाचं नाव टाका. ‘आज काकडी’ ही पाटी बारा नावांच्या यादीपेक्षा जास्त गाड्या थांबवते.

माल संपला किंवा स्टॉल बंद असला की पाटी उलटी करा किंवा झाका. पाटी बघून आत आलेल्याला रिकामं टेबल दिसलं, तर तो पुढच्या वेळी ती पाटी वाचतसुद्धा नाही.

प्रश्न: सुरुवातीला किती मोठा मांडव घालावा? आमच्याकडे निळी ताडपत्री पडून आहे, ती चालेल का?

३ मीटर रुंद, अडीच मीटर खोल पुरे. पुढचे खांब २४० सेंटिमीटर, मागचे २१० ठेवले की पावसाचं पाणी मागे पडतं. पुढे ७५ सेंटिमीटर छत बाहेर काढा, म्हणजे निवड करणारा माणूसही सावलीत उभा राहतो. खांब ६० ते ७५ सेंटिमीटर गाडा. पुढून उघडा आणि मागून बंद असा मांडव वारा आत कोंडून घेतो आणि छत वर उचललं जातं, म्हणून मागच्या भिंतीच्या वरच्या बाजूला ३० सेंटिमीटरची फट सोडा आणि पत्रे आडव्या वाशांना हुकाने आवळून घ्या.

निळी ताडपत्री मालावर नको. तिच्यातून येणाऱ्या निळ्या उजेडात टोमॅटो काळपट आणि पालेभाजी मळकट दिसते. हिरव्या जाळीखाली उलटं होतं, जुनी भाजीही हिरवी भासते आणि घरी गेल्यावर ग्राहकाला फसवल्यासारखं वाटतं. पांढरं कापड, पांढरी जाळी किंवा अपारदर्शक पत्रा घ्या. उघडी बाजू पश्चिमेला येऊ देऊ नका. दुपारनंतरचं तिरपं ऊन थेट मालावर पडतं. नाइलाजच असेल तर त्या बाजूला खाली सोडता येणारा पडदा लावा.

टेबलाची पुढची कड ७५ सेंटिमीटर उंच, खोली ६० पेक्षा जास्त नको, नाहीतर मागच्या मालापर्यंत हात पोचत नाही. वरची फळी पुढे १०-१५ अंश झुकवली की लांबूनही माल दिसतो. दोन माणसं एकमेकांना ओलांडून जातील अशी १२० सेंटिमीटरची वाट सोडा. चाकाची खुर्चीही तेवढ्यातून सहज जाते.

प्रश्न: पहाटे काढलेली पालेभाजी सकाळी १० वाजेपर्यंत मान टाकते. पाणी मारतो, तरी दुपारी कुजल्यासारखी होते. टोमॅटो धुऊन ठेवतो, तेही देठाजवळ सडतात.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच: कोणत्या मालाला पाणी चालतं आणि कोणत्या वेळी, याचा घोळ.

काढलेली भाजी जिवंत असते, ती श्वास घेत राहते. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग दुप्पट-तिप्पट होतो. पहाटे काढूनही जुड्या शेतात ढीग करून ठेवल्या, तर ढिगाच्या मधोमध स्वतःच्याच उष्णतेने त्या तापतात. म्हणून काढल्यावर १५-२० मिनिटांत सावलीत आणा, पसरा, आणि लगेच थंड, स्वच्छ पाण्यात ५ ते १० मिनिटं बुडवून काढा. पानांवर पाणी मारण्यापेक्षा बुडवण्याने आतली उष्णता लवकर निघते. मग झटकून पाणी निथळू द्या. स्टॉलवर जुड्या उभ्या ठेवा, देठ ३-४ सेंटिमीटर पाण्यात. वरून मारायचं पाणी अगदी बारीक तुषारांचं आणि थोडं थोडं असावं. तुमची भाजी दुपारी कुजते याचं कारण बहुधा असं, की भिजलेल्या जुड्या घट्ट बांधून एकावर एक रचलेल्या असतात. मध्ये हवा शिरत नाही, पाणी साचतं आणि पानं तिथूनच काळी पडतात. जुडी सैल बांधा, दोन थरांपेक्षा उंच रचू नका, आणि सगळा माल एकदम मांडू नका. टेबलावर तासाभराचा, बाकीचा मागे सावलीत ओल्या गोणपाटाखाली. गोणपाटाचा गारवा हवा कोरडी असेल तरच मिळतो. दमट हवेत त्याचा उपयोग जवळजवळ नाही, तिथे बर्फाच्या बाटल्या घातलेला बंद खोका बरा.

टोमॅटोचं गणित वेगळं. ते शेतातून गरम येतात आणि तुम्ही ते थंड पाण्यात टाकता. आतली हवा आकसते आणि देठाच्या खाचेतून पाणी आत ओढलं जातं, सोबत पाण्यातले जंतूही. सड तिथूनच सुरू होते. टोमॅटो कोरड्या फडक्याने पुसले तरी पुरे. धुवायचेच असतील तर आधी सावलीत निवू द्या आणि पाणी फळापेक्षा सुमारे ५ अंश कोमट ठेवा. रात्री ते फ्रिजमध्येही नकोत. १० अंशांखाली चव जाते आणि पिकणं बिघडतं.

भेंडी आणि शेंगा ओल्या झाल्या की काळ्या पडतात, त्या कोरड्याच ठेवा. कांदा-बटाटा धुऊ नये. बटाटा उजेडात हिरवा होतो आणि त्यात विषारी सोलॅनिन वाढतं, म्हणून तो पोत्याने झाकून ठेवा आणि नमुन्यापुरताच उघडा मांडा. पिकलेली केळी, पपई, टोमॅटो यांच्यातून फळं पिकवणारा इथिलीन वायू निघतो. त्याने शेजारची काकडी आणि पालेभाजी पिवळी पडते, गाजर कडवट होतं. त्यांना टेबलाच्या दोन टोकांना ठेवा.

धुण्याचं पाणी पिण्यायोग्यच हवं. निर्जंतुक करायचं असेल तर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण), सुगंध न मिसळलेलं, लिटरला २ मिलि घातलं की १०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १०० भाग, क्लोरीन होतं. त्यात एक-दोन मिनिटं ठेवून साध्या पाण्याने खळबळून काढा. माती आधी वेगळ्या पाण्यात धुऊन टाका, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होतं आणि जंतू तसेच राहतात.

प्रश्न: किती प्रकारचा माल ठेवावा? एके दिवशी ढीग उरतो, दुसऱ्या दिवशी काहीच नसतं.

पहिल्या हंगामात ६ ते ८ प्रकार. त्यातले दोन तरी असे हवेत की स्टॉल उघडा आहे तोवर ते मिळतीलच, अशी लोकांना खात्री असेल.

उरणं आणि न पुरणं, दोन्ही पेरणीत सुरू होतं. समजा रोज पालकाच्या पाव किलोच्या २० जुड्या खपतात. म्हणजे दिवसाला ५ किलो, आठवड्याला ३५. एका कापणीला दर चौरस मीटरला एक किलोच्या आत-बाहेर पाला मिळतो. उगवण आणि किडीची तूट धरून आठवड्याला ४५ चौरस मीटर पेरा. पण दर आठवड्याला पेरा. एकाच दिवशी महिन्याचा पालक पेरला की तो एकाच वेळी तयार होतो आणि एकाच वेळी जून होतो. मुळा, कोथिंबीर ७ ते १० दिवसांनी, शेंगभाज्या १५ दिवसांनी पेरत राहा.

स्टॉलवर एक वही ठेवा, चार रकाने: किती आणला, किती विकला, किती उरला, किती वाजता संपला. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत. काकडी रोज ‘सगळी खपली’ असं दिसतं, पण ती ९ वाजताच संपत असेल तर मागणी नेमकी किती आहे हे तुम्हाला कळलेलंच नाही.

माल कमी उरला की मोठ्या क्रेटमधून छोट्या टोपलीत काढा. मोठ्या क्रेटच्या तळाची पाच फळं ही नाकारलेली वाटतात, कोणी हात लावत नाही. टोपली भरलेली दिसली की तीच फळं जातात.

प्रश्न: वजनावर विकावं की नगावर? भाव लिहिला की लोक निघून जातील अशी भीती वाटते.

भाव लिहाच, प्रत्येक मालापुढे, मोठ्या आकड्यांत. भाव न विचारताच परत जाणारे बरेच असतात. विचारून मग नको म्हणायला माणसाला संकोच वाटतो, त्यामुळे तो गाडीतून उतरतच नाही.

पालेभाजी, काकडी, भोपळा नगावर किंवा जुडीवर. टोमॅटो, कांदा वजनावर. वजनकाटा व्यापारासाठी प्रमाणित आणि मुदतीत पडताळणी केलेलाच वापरा, सपाट जागी ठेवा. काट्याचा आकडा ग्राहकाकडे असू द्या. उघड्यावर वाऱ्याने इलेक्ट्रॉनिक काट्याचा आकडा हलतो, म्हणून तीन बाजूंनी फळ्या लावा. टोपलीचं वजन ग्राहकासमोर शून्य करा.

प्रश्न: दुपारी कोणी बसू शकत नाही. पैशाची पेटी ठेवून स्टॉल तसाच सोडला तर?

चालतं, पण पहिले काही आठवडे स्वतः बसून ओळखी झाल्यावर. बिनमाणसाच्या वेळी वजनाचा माल नको; सगळं आधीच जुड्यांत, पिशव्यांत बांधलेलं आणि सुट्या पैशांची अडचण येणार नाही अशा पूर्ण रकमेचं. पेटी लोखंडी, आतून बोल्ट करून काँक्रीटमध्ये रोवलेल्या खांबाला बसवलेली, फट नोटेपुरती. रोज दोनदा रिकामी करा आणि रिकामी केली जाते हे लोकांना दिसू द्या. क्यूआर कोड पारदर्शक फळीच्या मागे स्क्रूने बसवा, कारण कागदावर दुसऱ्याचा कोड चिकटवून जाणारे असतात. रोज सकाळी स्वतः स्कॅन करून आपलंच नाव येतं ना ते बघा. तुमचा फोन नंबर आणि ‘बांधावरच आहोत, हाक मारा’ ही ओळ लिहिली की न दिलेल्या पैशांचं प्रमाण कमी राहतं.

प्रश्न: लोक विचारतात, ‘फवारणी केली का?’ काय सांगावं?

खरं तेच. प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे ते लिहिलेलं असतं. रोज तोडणी होणाऱ्या काकडी-भेंडीत हाच नियम मोडला जातो, कारण फवारलं तरी उद्याचा तोडा थांबवता येत नाही. उपाय पेरणीपासूनच करावा लागतो: त्या पिकाचे दोन वेगळे तुकडे ठेवा, म्हणजे एकावर फवारणी झाली तर त्या मुदतीत दुसऱ्यातून माल येईल. फवारलेल्या तुकड्याच्या कडेला तारखेची काठी रोवा, घरातलं कोणीही चुकून तोडणार नाही. प्रमाणपत्र नसेल तर ‘सेंद्रिय’ हा शब्द पाटीवर नको. त्याऐवजी काय केलं ते लिहा: ‘या पालकावर फवारणी नाही’, ‘टोमॅटो: शेवटची फवारणी १२ दिवसांपूर्वी’. असं लिहिणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात.

प्रश्न: उरलेल्या भाज्या उकळून बरण्यांत भरून विकल्या तर?

नको. आंबट नसलेल्या भाज्यांत, म्हणजे पीएच (आंबटपणाचं माप; जितकं कमी तितकं आंबट) ४.६ च्या वर, हवाबंद बरणीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. त्यांना दाबाखालचं, ११६ ते १२१ अंशांचं तापमान ठरलेल्या वेळेपर्यंत लागतं. बरणीला वास, रंग काहीही बदललेला नसतानाही ती जीवघेणी असू शकते. शिवाय प्रक्रिया केलेल्या पदार्थांना कच्च्या भाजीपेक्षा वेगळे परवाने लागतात. उरलेला पण चांगला माल ‘आजच वापरा’ अशा वेगळ्या टोपलीत कमी भावाने ठेवा, ताज्यात कधीही मिसळू नका.

प्रश्न: लोक येतात, पण घाईत असल्यासारखे निघून जातात. त्यांना मोकळं वाटावं म्हणून काय करता येईल?

कुत्रा बांधून ठेवा, आधी तेवढं करा. गाडीचं दार उघडून पुन्हा लावून घेणारे खूप असतात. बसणाऱ्याने टेबलामागे उभं राहून टक लावू नये, जुड्या बांधणं, निवडणं असं काम करत राहावं आणि मान वर करून ‘या’ म्हणावं. हात धुवायला पाणी आणि साबण, वयस्कर माणसासाठी सावलीत एक बाक, आणि सामान ठेवायला मोकळं अर्धं टेबल, म्हणजे दुसरी वस्तू निवडताना हात रिकामे राहतात. मोठ्या जुडीसोबत लहान जुडीही ठेवा. एकट्या माणसाला मोठी परवडत नाही आणि तो तसं बोलून दाखवत नाही. उघडायची आणि बंद करायची वेळ पाटीवर लिहा आणि माल संपला तरी त्या वेळेपर्यंत कोणीतरी तिथे असू द्या, उद्या काय येणार आहे ते सांगायला.